माळा रिकामा आहे

"बाही अजून वर घ्या," धाकटी म्हणाली आणि सिरिंजमधली हवा काढून टाकली.

थोरल्या दिरांनी बाही दंडापर्यंत सरकवली. तिनं दंड चिमटीत धरला, तर धरण्यासारखं फारसं उरलेलंच नव्हतं. गादी कारखान्याचे मालक; कापसाचा गठ्ठा एकट्यानं पाठीवर घ्यायचे आणि वर कामगारांना 'तुमच्या अंगात जीव नाही' म्हणून हिणवायचे. आता सदऱ्याची कॉलर त्यांच्या गळ्याभोवती सैल पडली होती. सुई टोचली तसे ते खोकले. खोकला रुमालात घेतला, रुमालाकडे न बघता त्याची घडी केली आणि खिशात घातला.

दवाखान्यात धाकटीनं असे बरेच जण पाहिले होते. रुमालात काय आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो रुमालाकडे बघत नाही.

"कापसाची धूळ," ते म्हणाले. "जन्माची सोबत आहे."

"असेल," ती म्हणाली.

धुळीचा खोकला कोरडा असतो, आणि कारखाना बंद असला की तोही सुट्टी घेतो. हा ओला होता, तळातून वर येणारा. अशा खोकल्याशेजारी ती एक अख्खं वर्ष झोपली होती. तिच्या नवऱ्याचा खोकला अगदी असाच होता.

हजला जाणाऱ्यांची रांग दाराबाहेरपर्यंत गेली होती. बहुतेक म्हातारी जोडपी, हातात पाण्याच्या बाटल्या, चेहऱ्यावर सहलीला निघालेल्या पोरांचा उत्साह. टेबलामागून डॉक्टरबाई प्रत्येकाला तेच विचारत होत्या.

"ताप? खोकला? वजन उतरलंय?"

"अल्लाची मेहेरबानी आहे, काही नाही," दीर म्हणाले.

डॉक्टरांनी धाकटीकडे बघितलं. "सिस्टर, हे तुमच्या घरचे ना?"

"थोरले दीर माझे. ठणठणीत आहेत."

एवढं बोलून तिनं कापसाचा बोळा त्यांच्या दंडावर दाबला, जरा जास्तच जोरात. दीर तिच्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना वाटलं, धाकटी विसरली.

धाकटी काहीही विसरली नव्हती. नवऱ्याला टीबी झाला तेव्हा हेच भाईजान तोंडावर पंचा धरून त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहिले होते. "आजाऱ्याला निरोग्यांजवळ आणू नये, असा हुकूम आहे आपल्याकडे. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही," असं म्हणाले होते. हुकूम खोटा नव्हता. खोली वेगळी हवी, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण भाईजाननी खोली दिली नाही, कारखान्यावरचा माळा दिला. खालून दिवसभर पिंजायच्या मशीनची घरघर आणि फळ्यांच्या फटींतून वर येणारा कापूस. आधीच ज्याला श्वास पुरत नव्हता त्याच्यासाठी ही जागा काढली होती. आजाऱ्याला भेटायला जावं, हाही त्याच धर्माचा हुकूम होता. तो मात्र भाईजानना कधी आठवला नाही. जेवण जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन थांबायचं. औषधानं थुंकी साफ आली, फुप्फुसं गेली ती गेली, पण आता लागण होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही ते जिना चढले नाहीत. नवरा शेवटपर्यंत विचारत राहिला, "भाईजान आले होते का गं, मी झोपलो होतो तेव्हा?" आणि ती "हो" म्हणायची. आयुष्यात ती जितकं खोटं बोलली असेल, त्यातलं निम्मं त्या माळ्यावर.

तिला सूड हवा होता. त्याला दुसरं सोज्वळ नाव द्यायची तिला गरजही वाटत नव्हती. आज रांगेतून काढून थुंकी तपासायला पाठवलं असतं, तर काय झालं असतं? 'तब्येत जरा नरम आहे, पुढच्या वर्षी बघू,' असं सांगून ते घरी बसले असते, आणि लोक उलट हळहळले असते. तेवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. विमानात मात्र ती त्यांना चढू देणार नव्हती. तेवढं पक्कं होतं, आणि ते पक्कं आहे म्हणून आपल्या हातून काही पाप होत नाही, अशी तिनं स्वतःची समजूतही घालून ठेवली होती.

त्याच आठवड्यात दीर आणि जाऊ तिच्या भाड्याच्या खोलीवर आले. जावेच्या हातात फळांची पिशवी. इतकी वर्षं ज्यांना हा पत्ता सापडत नव्हता, त्यांना तो बरोबर सापडला, कारण हजला निघण्याआधी माणसानं ज्याचं त्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागून घ्यायची असते. माफी न मागता गेलं तर सगळी धावपळ फुकट.

दीर खुर्चीवर बसले, मग उठून उभे राहिले. मोठ्या माणसाला लहानाची माफी कुठल्या आसनात मागावी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"बोललं-चाललं माफ कर, धाकटे," शेवटी ते म्हणाले. "कुणाच्या मनात काही ठेवून जायला नको."

"कुणाच्या मनात? तुमच्या की माझ्या?"

"दोघांच्या."

"बघू," ती म्हणाली.

"बघू म्हणजे? माफी काय बघायची वस्तू आहे का?"

"अहो, असू द्या," जाऊ मध्ये पडली. या भाभीचा स्वभाव मुळात वाईट नव्हता. तो नवऱ्याच्या मागे उभा राहून राहून पुसट झाला होता. "धाकटे, निरोपाच्या दिवशी ये हं, कारखान्याच्या आवारात सगळ्यांना बोलावलंय. लेकही येऊन राहिलीये. तिची चिमणी तर आजोबांना सोडतच नाही. त्यांच्या ताटात जेवते, त्यांच्याच अंथरुणात झोपते. आता आजोबा गेल्यावर काय करेल कोण जाणे."

दीर खोकले. रुमाल, घडी, खिसा.

धाकटीचा हात पाण्याच्या तांब्यावर होता. तांब्या अर्धवट वाकलेला तसाच राहिला. चिमणी चार वर्षांची असावी. एक वाक्य बोललं की झालं असतं. 'भाभी, पोरीला आजपासून वेगळी झोपवा.' एवढंच. पण मग दोघं तिथून उठून थेट दवाखान्यात गेली असती, आणि आवारात मांडायच्या खुर्च्या मांडल्याच गेल्या नसत्या.

तिनं पेला भरला आणि भाभीपुढे ठेवला.

"येईन ना," ती म्हणाली. "न येऊन कसं चालेल?"

निरोपाच्या दिवशी आवार माणसांनी भरून गेलं. गाद्यांचे ढीग भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. मक्केत पाय ठेवायच्या आधीच लोकांनी त्यांना 'हाजीसाहेब' करून टाकलं होतं, आणि दरवेळी ते "अजून कुठं, अजून कुठं" म्हणत खूश होत होते. चिमणी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या ताटातलं खात होती. मशिदीचे मौलवीसाहेब शेजारीच होते. त्यांनी चार शब्द सांगितले: ज्याच्या अंगात ताकद आहे, पदरी खर्च आहे आणि वाट मोकळी आहे, त्याच्यावर हज फर्ज, म्हणजे करायलाच हवी. मग दीर चिमणीला मांडीवरून उतरवून उठले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "माझ्याकडून कुणाला त्रास झाला असेल, तर आज सगळ्यांसमोर माफी मागतो."

"माफ केलं, माफ केलं," सगळीकडून आवाज आले.

"मला एक विचारायचंय," धाकटी उठली. दवाखान्याच्या कपड्यांतच आली होती ती. "भाईजान, आजाऱ्याला निरोग्यांजवळ आणू नये, असा हुकूम आहे ना आपल्याकडे?"

दीर तिच्याकडे बघायला लागले.

"तुम्हीच सांगितला होता मला. लाखो लोकांच्या गर्दीत निघालात, म्हणून आठवण करून देते. तुम्हाला टीबी आहे."

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीला लागला.

"काहीतरी बोलू नकोस. धूळ आहे ती."

"मग तो रुमाल दाखवा मौलवीसाहेबांना."

त्यांचा हात आपोआप खिशावर गेला. सगळ्यांनी तो जाताना पाहिला. धाकटीला आतून इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

"आजार काही आपोआप कुणाला लागत नाही," दीर म्हणाले. आवाज चढला होता. "अल्लाच्या मर्जीनं लागतो. हेही सांगितलेलंच आहे. विचारा मौलवीसाहेबांना."

"सांगितलेलं आहे," धाकटी म्हणाली. "मग माझ्या नवऱ्याच्या वेळी अल्लाची मर्जी कुठं गेली होती? त्याच्यासाठी एक हुकूम आणि तुमच्यासाठी दुसरा?"

आता सगळे मौलवीसाहेबांकडे बघायला लागले. ते वयानं लहानच होते आणि दीरांच्या कारखान्यातली गादी त्यांच्या घरात होती. पण माणूस सरळ होता.

"दोन्ही खरं आहे, हाजी..." ते अडखळले. "दोन्ही खरं आहे, चाचा. रोगाला स्वतःचा हुकूम नसतो, हे खरं. आणि रोग्यानं चांगल्या माणसांत मिसळू नये, हेही खरं. एक मनात ठेवायचं, दुसरं हातानं पाळायचं. ताकद नसेल तर फर्ज थांबतं, बुडत नाही. बरे होऊन पुढच्या वर्षी जा. रोग घेऊन गर्दीत गेलात तर तो दुसऱ्यांवर जुलूम होईल."

जवळच्या खुर्च्या मागं सरकल्या. कुणी मुद्दाम केलं नसेल. लेक धावत आली आणि चिमणीला त्यांच्या पायाशीून उचलून घेऊन गेली. दीर तसेच उभे होते, पुढ्यात अर्धं ताट. माणसं जाताना त्यांना सलाम करत होती, पण लांबून.

दुसऱ्या दिवशी थुंकी तपासली. धाकटीचा कान चुकला नव्हता. घरात लेक, सून, पोरं. दीरांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न निघाला. सगळे तिच्याकडे बघत होते, कारण या बाबतीत तीच जाणकार. मागची चांगली हवेशीर खोली तिला माहीत होती.

"माळा रिकामा आहे," ती म्हणाली.

दीर स्वतःची उशी उचलून जिना चढले.

गोळ्या रोज कुणाच्या तरी समोर घ्याव्या लागतात. हा भाग धाकटीच्या वाटणीचा नव्हता, पण तिनं तो मागून घेतला. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी ती माळ्यावर जायची. दीर फळीवर बसलेले असायचे, दाढी विस्कटलेली, सदऱ्यावर कापसाचे तंतू.

"माफ कर, धाकटे," ते म्हणायचे.

"पाणी घ्या."

गोळ्या गिळून झाल्यावर ते तोंड उघडून दाखवायचे, लहान पोरासारखं. ती वाकून बघायची आणि काही न बोलता जिना उतरायची. तिला ते बरे व्हायला हवे होते. मेलेला माणूस माफी मागत नाही. जिवंत ठेवायचं, पुढच्या वर्षीची हज समोर लटकत ठेवायची आणि रोज एकदा हे ऐकायचं. याहून चांगली दिवसाची सुरुवात तिला सुचत नव्हती. नवरा गेल्यापासून इतकी गाढ झोप तिला लागली नव्हती.

दीरांचा ताप हटला, अंगावर मांस धरायला लागलं. वडील आजारी म्हणून लेक माहेरीच थांबली होती. आणि एक दिवस चिमणीच्या मानेत गाठ दिसली. संध्याकाळी अंग तापायला लागलं. दवाखान्यात तिला तपासलं तेव्हा धाकटीच तिला धरून उभी होती. डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला, आणि त्यांनी काही बोलण्याआधीच धाकटीला कळलं.

दुसऱ्या सकाळी ती माळ्यावर गेली. दीरांनी हात पुढं केला, गोळ्या घेतल्या, गिळल्या, तोंड उघडून दाखवलं. माफी मागितली नाही.

ती जिन्याकडे वळली. मग थांबली.

"आज काही बोलला नाहीत."

"चिमणीला माझ्यामुळं झालं ना?"

"हो."

"ती इथं राहायला आली, त्याच्या आधी तू मला लस टोचलीस."

"हो."

"दंड धरलास, तेव्हाच तुला कळलं होतं."

खालचं मशीन सुरू झालं. फळ्या थरथरायला लागल्या. ती 'नाही' म्हणू शकली असती. खोटं बोलायची सवय तिला याच जागेत लागली होती.

"खोकल्यावरून कळलं," ती म्हणाली.

"मग थांबलीस का?"

"लोक जमायचे होते."

दीरांनी मान हलवली. हिशेब पटल्यासारखी. ओरडले असते, तर तिला सोपं गेलं असतं. तिच्याकडे उत्तरं तयार होती, कित्येक वर्षांची.

"मला पण माहीत होतं," ते म्हणाले. "रुमाल मी स्वतः धूत होतो. तुझ्या भाभीला देत नव्हतो. वाटायचं, एकदा तिथं पोचलो की पुढचं अल्ला बघेल." थोडा वेळ ते सदऱ्यावरचे तंतू काढत बसले. "म्हणजे माहीत असलेली आपण दोघंच होतो."

धाकटीनं रिकामा पेला उचलला.

"मी नाही सांगणार कुणाला," ते म्हणाले. "तुझं नाव नाही निघणार. जा तू."

इतकी वर्षं या माणसानं काही दिलं नाही. ना खोली, ना दोन पावलांची भेट. आणि आता देत होता तर हे. या माणसाच्या झाकणाखाली उरलेला जन्म काढायचा? रोज गोळी द्यायची आणि रोज त्यांच्या गप्प बसण्याचे उपकार घ्यायचे? त्यापेक्षा सगळ्या आवारासमोर दगड खाल्लेले परवडले.

"तुमचे उपकार नकोत मला," ती म्हणाली आणि जिना उतरली.

घराचं दार उघडंच होतं. भाभी जमिनीवर बसली होती, चिमणी तिच्यासमोर, पाय पसरून. लेक आत कपडे वाळत घालत होती. चिमणीची गोळी चमच्यात पाण्यात विरघळवून द्यायची होती. धाकटीनं बसून गोळी चमच्यात टाकली, वर थोडं पाणी सोडलं.

"आमची चिमणी शहाणी आहे," भाभी म्हणाली. "चिमणे, आ कर. धाकट्या नानीच्या हातचं औषध कधी कडू लागतं का?" मग धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "खरं सांगू? सगळे म्हणाले, भर सभेत तू असं बोलायला नको होतं. मी म्हटलं, बोलली म्हणून तरी कळलं. नाहीतर पोरीचं काय झालं असतं? तुझ्याशी आम्ही कसे वागलो, आणि तू बघ. तुझे उपकार कुठं फेडू मी?"

चिमणीनं आ केला होता. धाकटी चमच्याकडे बघत होती. गोळी कडेनं सुटायला लागली होती.

"भाभी, मला आधीच कळलं होतं."

"काय?"

"भाईजानचं. लस टोचली त्या दिवशीच. तुम्ही माझ्याकडे आलात ना, चिमणी त्यांच्याजवळ झोपते म्हणालात... तेव्हा मला माहीत होतं."

भाभीला ते लगेच समजलं नाही. ओठ हलले, दिवस मागंपुढं करून पाहत असावी. मग खांद्यावरचा हात निघाला. ती ओरडली नाही, लेकीला हाक मारली नाही. तिनं चिमणीचा दंड धरला आणि तिला बसल्या बसल्या आपल्याकडे ओढून घेतलं, धाकटीचा हात पोचणार नाही इतकं लांब.

चिमणीनं अजून आ केलेलाच होता.